उतारवयातला थकवा: आधी नाडी मोजा, मग डॉक्टरकडे जा

कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला. तेव्हा सगळ्यांचं लक्ष ऑक्सिजनच्या आकड्याकडे असायचं, ९७ आहे की ९३. त्याच्या शेजारचा दुसरा आकडा, म्हणजे नाडीचे ठोके, फारसं कुणी बघत नव्हतं. आता तेच यंत्र ड्रॉवरमधून बाहेर निघतं ते वेगळ्या कारणानं. आई दोन महिन्यांपासून थकलीये म्हणते, बोटाला लावून बघितलं तर ४८. किंवा बाबांचे ठोके नुसतं बसल्या बसल्या ११०. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला जातो. मावशी म्हणते लिंबू-सरबत द्या, काका म्हणतात एक सलाईन लावून घ्या, ताकद येईल. आणि त्यातला सगळ्यात समजूतदार माणूस म्हणतो, "पंच्याहत्तरी आली, थकवा यायचाच."

माझ्या मते यातला सगळ्यात घातक सल्ला हा शेवटचा. वयानं माणूस मंदावतो हे खरं, पण ते मंदावणं वर्षानुवर्षांचं असतं, इतकं हळू की घरातल्यांनाही कळत नाही. दिवाळीचा फराळ एकटीनं केलेली बाई होळीला पुरणपोळ्या लाटताना तीन वेळा खुर्चीत टेकते, तेव्हा चार महिन्यांत तिचं वय वाढलेलं नसतं. काहीतरी बिघडलेलं असतं. ते काय हे घरी बसून ठरवता येत नाही. पण डॉक्टरला ते लवकर सापडावं यासाठी घरी बरंच करता येतं.

आकडा एकटा काही सांगत नाही

प्रौढ माणसाचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला ६० ते १०० असले की ठीक, असं पुस्तकात असतं. पण आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या एखाद्या काटक वारकऱ्याची नाडी ५२ असू शकते आणि त्याला काहीही झालेलं नसतं. दुसऱ्या एखाद्याची नाडी तेवढीच, ५२, आणि त्याला पलंगावरून उठून स्वयंपाकघरापर्यंत जायला दम लागतो. आकडा तोच, पण दुसऱ्याला तपासणी हवी.

कारण साधं आहे. हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. मिनिटाला ७० ठोके धरले तर जवळजवळ ५ लिटर. ठोके ४० वर आले तर हिशेबानं २.८ लिटरच होतात. सवयीच्या, दणकट हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलून ही तूट भरून काढता येते. म्हाताऱ्या हृदयाच्या भिंती थोड्या ताठर झालेल्या असतात, ते तितकं फुलत नाही, त्यामुळे तूट राहते. ती तूट मग थकवा, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी अशा रूपात बाहेर पडते.

याहून फसवा प्रकार वेगळाच. बसलेलं असताना नाडी ६२, अगदी छान. पण जिना चढताना ती ९०-१०० वर जायला हवी, ती ६८ वरच अडकते. पाय जास्त रक्त मागतात, हृदय वेग वाढवत नाही. असा माणूस दवाखान्यात खुर्चीवर बसलेला असतो तेव्हा सगळं नॉर्मल दिसतं. "बसलोय तोवर ठीक, उठलो की जीव दमतो" असं तो सांगत असतो आणि घरचे त्याला आळशी ठरवतात. म्हणून नाडी दोनदा मोजावी: एकदा दहा मिनिटं शांत बसल्यावर, एकदा घरातल्या घरात दोन-तीन मिनिटं चालून आल्यावर लगेच. अर्थात छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल तर हा प्रयोग करायचा नाही.

मोजायची कशी? तळहात वर करून, अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर, दुसऱ्या हाताची मधली दोन-तीन बोटं हलकेच ठेवा. अंगठ्यानं मोजू नका, त्याचीच नाडी जाणवते. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर मोजा, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नका. कारण आकड्याइतकीच महत्त्वाची आहे ती लय. ठोके एकसारखे येताहेत, की मध्येच एखादा गळतोय, की कशाचा कशाला पत्ताच नाही? हे बोटांना कळतं, आणि डॉक्टरला सांगण्यासारखी ती मोठी गोष्ट आहे.

इथे ऑक्सिमीटर आणि डिजिटल बीपी मशीन कधीकधी फसवतात. काही लोकांना एकाआड एक ठोका अवेळी, अर्धवट भरलेल्या हृदयातून पडतो. तो इतका दुबळा असतो की बोटापर्यंत पोचतच नाही. हृदय ७६ वेळा धडधडतं आणि यंत्र ३८ दाखवतं. हात गार असले, नखांवर मेंदी किंवा नेलपॉलिश असलं तरी आकडा बेभरवशाचा. तेव्हा ३८ दिसलं म्हणून हातपाय गाळायचे नाहीत आणि दुर्लक्षही करायचं नाही. मनगटावर मोजून बघायचं आणि ईसीजी काढून घ्यायचा. चक्करही येत असेल तर मोजत बसायचं नाही, थेट रुग्णालय गाठायचं.

आत काय बिघडतं

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याची ठिणगी तिथून निघते आणि ठरलेल्या वाटेनं खालच्या कप्प्यांत पोचते. डॉक्टर बोलताना याला सरळ "वायरिंग" म्हणतात. वयाबरोबर या पुंजक्यातल्या पेशी कमी होत जातात, त्यांची जागा तंतू आणि चरबी घेतात. मग कधी ठिणगी उशिरा पडते, कधी दोन-तीन सेकंद पडतच नाही. कधी ठिणगी नीट पडते पण मधल्या वाटेवर अडते. त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. इथे एक घोळ नेहमी होतो. "ब्लॉकेज" म्हटलं की लोकांना अँजिओप्लास्टी आठवते. ते रक्तवाहिनीतलं अडणं, हे विजेचं. दोन्ही वेगळी दुखणी आहेत आणि दोघांचे उपचार वेगळे.

उलट्या बाजूचा बिघाड म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत राहतात आणि खालच्या कप्प्यांचे ठोके वेडेवाकडे पडतात. काहींना छातीत धडधड जाणवते, पण बऱ्याच ज्येष्ठांना फक्त थकवा. हा प्रकार गंभीर आहे तो थकव्यामुळे नव्हे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांगवायू. ही तक्रार असलेल्याला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट असतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी दिली जाते, आणि "आता बरं वाटतंय" म्हणून ती परस्पर बंद करणं महागात पडतं.

पण थकव्याचं मूळ हृदयातच असेल असं नाही. नाडी कधीकधी दुसऱ्याच कुणाची तक्रार सांगत असते. हिमोग्लोबिन कमी झालं की तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, नाडी वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजमापानुसार पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन गेलं की तो रक्तक्षय. तरुण बाईत त्याचं कारण बहुधा पाळी असते. साठीनंतर लोह कमी झालेलं दिसलं तर पहिला प्रश्न हा, की रक्त जातंय कुठे? गुडघेदुखीसाठी महिनोन्महिने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होतो आणि थेंब थेंब रक्त जात राहतं. मोठ्या आतड्याचा कर्करोगही असाच गुपचूप रक्त घालवतो. त्यामुळे नुसती लोहाची गोळी सुरू करून गप्प बसणारा डॉक्टर भेटला तर "हे कमी का झालं?" असं जरूर विचारा. शौचाचा रंग डांबरासारखा काळा होत असेल तर ते लाजून लपवू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, म्हणून गोळी केव्हा सुरू झाली तेही सांगा.

आपल्याकडच्या शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता नवी नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोलसारखी गोळी रोज सकाळी चहाआधी घेतली जात असेल, तर ती आणखी वाढते. थकव्यासोबत तळपायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसराळूपणा असेल तर संशय बळावतो. एक विनंती: "ताकदीची" लाल इंजेक्शनं आधी टोचून घेऊन मग रक्त तपासायला जाऊ नका. ती बहुतेक बी-१२ चीच असतात. मग रिपोर्टात पातळी भरपूर दिसते आणि मूळ प्रश्न झाकला जातो.

थायरॉइड मंदावलं की नाडीही मंदावते. थंडी वाजते, बद्धकोष्ठता होते, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करू लागलं तर तरुण माणूस चिडचिडा, घामाघूम होतो. म्हातारा माणूस मात्र कधीकधी उलट गप्प, उदास, थकलेला दिसतो, वजन उतरतं आणि नाडी बेताल होते. टीएसएच नावाच्या एका रक्ततपासणीत हे कळतं; थायरॉइड मंदावलं की हा आकडा चढतो. पण ऐंशीच्या वयात टीएसएच किंचित जास्त, समजा ६, दिसलं की लगेच थायरॉइडची गोळी लागतेच असं नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात, पासष्टीपुढच्या ७३७ लोकांत, अशा किरकोळ वाढीवर गोळी देऊन थकवा कमी झाला नाही. उलट गोळीचा डोस जास्त झाला तर एट्रियल फिब्रिलेशनला आमंत्रण. म्हणून रिपोर्टात आकडा ठळक छापला म्हणून घाबरण्यापेक्षा डॉक्टरला "याला उपचार हवा की नुसतं लक्ष ठेवू?" असं विचारावं.

गोळ्यांची पिशवी

ज्येष्ठांच्या मंद नाडीचं फार वेळा सापडणारं कारण त्यांच्याच कपाटात असतं. बीपी किंवा छातीच्या दुखण्यासाठी दिलेल्या मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल या गोळ्यांचं कामच ठोके कमी करणं. डिल्टियाझेम, व्हेरापामिल, अमिओडॅरोन, इवाब्रॅडिन याही त्याच वाटेच्या. डिगॉक्सिन तर मूत्रपिंडातून बाहेर पडतं. वयानं मूत्रपिंड सुस्तावलं की ते अंगात साचतं, मग भूक मरते, मळमळतं, नाडी खाली येते. "आठवड्यातून पाच दिवस घ्या, शनिवार-रविवार सुट्टी" असं डॉक्टर सांगतात ते याचसाठी, आणि नेमकी ती सुट्टी घरी विसरली जाते. स्मृतिभ्रंशासाठीची डोनेपेझिलसुद्धा काहींची नाडी मंद करते.

आणि डोळ्यांचे थेंब! काचबिंदूसाठी टिमोलॉल दिलेलं असतं. थेंब डोळ्यात पडतो, अश्रूनलिकेतून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात शिरतो. म्हणजे हृदयाचे ठोके कमी करणारं औषध डोळ्यातून हृदयापर्यंत पोचतं. डॉक्टर विचारतो, "काय काय औषधं चालू आहेत?" उत्तर येतं, "बीपीची एकच." थेंब कुणी औषधात धरतच नाही. डोळ्यांच्या डॉक्टरला गोळी माहीत नसते, फिजिशियनला थेंब माहीत नसतात, आणि दोन्ही मिळून नाडी ४५ वर आलेली असते. हे थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं एक-दोन मिनिटं दाबून धरला तर रक्तात जाणारं प्रमाण कमी होतं. काहींना श्वासाचा त्रास असतो, त्यांनाही टिमोलॉल बाधतं, तेव्हा दमा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरला तोही सांगायला हवा.

लघवीच्या गोळीनं सोडियम उतरतं, आणि सोडियम उतरलेला माणूस मलूल, गोंधळलेला, पाय ओढत चालणारा दिसतो. बीपीच्या काही गोळ्यांनी, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असेल तर, पोटॅशियम चढतं आणि तेही ठोके मंदावतं. ज्येष्ठमधाचे काढे रोज भरपूर घेतले तर पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं. त्यामुळे "ते तर आयुर्वेदिक आहे" म्हणून ते यादीतून वगळायचं नाही.

या सगळ्यावर उपाय सोपा. यादी करत बसू नका, सगळी पाकिटं, बाटल्या, थेंब, चूर्णं एका पिशवीत भरा आणि ती पिशवीच डॉक्टरच्या टेबलावर ठेवा. नावं सारखी वाटतात, डोस २५ होता की ५० हे आठवत नाही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दोनदा चालू आहे, असंही त्यात कधी सापडतं. एक मात्र करू नका. हे वाचून स्वतःहून गोळी थांबवू नका. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकाएकी बंद केली तर ठोके उसळतात, छातीत दुखतं, हार्ट अटॅकही येऊ शकतो. ती हळूहळू कमी करायची असते.

दहा सेकंदांचा ईसीजी

"ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हार्ट ठीक आहे." हे वाक्य किती घरांत ऐकलं असेल! साधा ईसीजी जेमतेम दहा सेकंदांची नोंद असतो. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. चक्कर मंगळवारी पहाटे संडासला उठताना आली आणि ईसीजी गुरुवारी दुपारी निघाला, तर त्यात काही सापडलं नाही यात नवल नाही. अशा वेळी होल्टर लावतात. छातीला चिकटपट्ट्या आणि खिशात मावेल असं यंत्र, २४ तास किंवा जास्त दिवस. नॉर्मन होल्टर या अमेरिकी संशोधकाचं पहिलं यंत्र पाठीवर बांधायचं होतं आणि त्याचं वजन ३८ किलोच्या आसपास होतं, त्या मानानं आजच्या रुग्णाची चैन आहे. होल्टर लावलेल्या दिवशी बरेच जण जपून, पडून राहतात. उलट करायला हवं. रोजची कामं करा, जिना चढा, आणि त्रास झाला की वेळ कागदावर लिहा: "सकाळी ७.२०, आंघोळीनंतर गरगरलं." पट्टीवरच्या त्या मिनिटाशी ही नोंद जुळवली की निदान बऱ्याचदा तिथेच होतं.

टू-डी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाचा जोर आणि झडपा दिसतात. म्हातारपणी महाधमनीची झडप चुन्यासारखी कडक होऊन अरुंद होते. त्यात चालताना दम, चक्कर, छातीत आवळणं अशी सुरुवात होते. स्टेथोस्कोपनं अशा झडपेचा वेगळा आवाज ऐकू आला की इको सांगितला जातो. पायांवर सूज, रात्री उशाला दोन-तीन उशा घ्याव्या लागणं, चार दिवसांत दोन किलो वजन वाढणं, ही हृदय कमजोर पडल्याची लक्षणं. ती आपणहून सांगा, कारण "थकवा" एवढंच ऐकून डॉक्टर तिकडे वळेलच असं नाही.

बीपी झोपून आणि उभं राहून असं दोन्ही घ्यायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० नं उतरला तर चक्करेचं कारण तिथे असू शकतं. कित्येक दवाखान्यांत गर्दीमुळे हे राहून जातं, मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

या गोष्टी घडल्या तर मात्र अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही: शुद्ध हरपून पडणं, छातीत दुखणं, बसल्या जागी धाप लागणं, नाडी ४० च्या खाली आणि सोबत चक्कर, किंवा विश्रांतीत १२०-१३० च्या पुढे जाऊन खाली न येणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं. १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्या ज्येष्ठांना हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. एकाएकी गळून जाणं, गार घाम, मळमळ एवढंच. तासाभरात आलेला असा थकवा "गॅस झालाय" म्हणून रात्रभर सोड्यावर काढायचा नसतो.

पेसमेकरची भीती

ठोके खरोखर वायरिंगमुळे मंद असतील, गोळ्या बदलूनही सुधारत नसतील, तर पेसमेकर सुचवला जातो. ऐकल्याबरोबर घरात सुतकी शांतता पसरते. "यंत्रावर माणूस" अशी कल्पना होते. जगातला शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या ४३ वर्षांच्या माणसाला बसवला. त्याला दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्याची बायको एल्से-मारी डॉक्टरांच्या मागे हात धुऊन लागली म्हणून तो प्रयोग झाला. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे त्यानं एकूण २६ यंत्रं बदलली आणि २००१ साली ८६ व्या वर्षी, हृदयाच्या नव्हे तर कर्करोगाच्या आजारानं तो गेला. शस्त्रक्रिया करणारे ओके सेनिंग आणि यंत्र बनवणारे रूने एल्मक्विस्ट हे दोघेही त्याच्या आधी वारले होते.

आता ही शस्त्रक्रिया बहुधा फक्त तेवढी जागा बधिर करून, गळ्याच्या हाडाखाली छोटा छेद देऊन होते. बॅटरी साधारण आठ-दहा वर्षं चालते. चालताना हालचाल ओळखून ठोके वाढवणारे पेसमेकरही असतात. वर ज्या "उठलो की जीव दमतो" वाल्या माणसाबद्दल लिहिलं, त्याला त्यातलाच लागतो. खर्चाचा प्रश्न खरा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतमध्ये सत्तरीपुढच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. तारीख ठरवण्याआधी त्या रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर जाऊन कार्ड चालतं का, कोणतं यंत्र त्यात बसतं, हे विचारून घ्या.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले तर? तर थकवा खोटा ठरत नाही, यादीतली मोठी नावं तेवढी खोडली जातात. मागे राहतात त्या गोष्टी दवाखान्यात कुणी सहसा काढत नाही. जोडीदार गेल्यानंतरची उदासी, जी म्हातारपणी "मन लागत नाही" ऐवजी "अंगात त्राण नाही" अशी बोलते. रात्रीचं घोरणं आणि श्वास अडकणं, ज्यानं आठ तास झोपूनही माणूस शिणलेला उठतो. चहा-बिस्किट आणि मऊ भातावर दिवस काढल्यानं झिजलेले मांडीचे स्नायू. यातलं काही लागू पडत असेल तर पुढच्या भेटीत आपणच विषय काढावा. उठायच्या आधी डॉक्टरला दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: पुन्हा कधी येऊ, आणि काय झालं तर त्याच्या आधी येऊ.